चिखलोली स्टेशनचं नियोजन करणाऱ्यांना खुलं पत्र: आधी चालायचे रस्ते द्या, मग एफएसआय

प्रति,
चिखलोली स्टेशन आणि त्याच्या आजूबाजूचा परिसर ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर आहे ते सगळे, म्हणजे अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, एमएमआरडीए, एमआरव्हीसी (मुंबईचे रेल्वे प्रकल्प करणारं महामंडळ), एमआयडीसी आणि नगररचना खात्यातले साहेब आणि मॅडम,

स. न. वि. वि.

मी कल्याणच्या पुढची रोजची पासधारक. एकोणीस वर्षं झाली, सकाळी सातच्या सुमाराची लोकल पकडून घाटकोपरला कामाला जाते आणि रात्री आठ-साडेआठला परत येते. राहते अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या पट्ट्यात, त्यामुळे चिखलोली स्टेशनची वाट आमच्या इथे जेवढी बघितली जातेय तेवढी कुठेच बघितली जात नसेल. अंबरनाथ ते बदलापूर आठेक किलोमीटर, मध्ये एकही स्टेशन नाही आणि या आठ किलोमीटरमध्ये गेल्या वीस वर्षांत किती बिल्डिंगी उभ्या राहिल्या ते गाडीच्या दारात उभं राहिलं तरी दिसतं. बदलापूरची लोकसंख्या २००१ ला लाखाच्या आत होती, २०११ ला १ लाख ७४ हजार झाली आणि त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण सकाळी प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की कळतं किती झालीय ते.

मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या लोकल सुधारायचा प्रकल्प एमयूटीपी ३-ए मंजूर झाला, त्यात कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी लाईन आली, साधारण १४ किलोमीटरची, आणि त्याच कामात आमचं चिखलोली. आत्ता कल्याणच्या पुढे आम्हाला दोनच लाईनी आहेत, त्यावरच आमच्या लोकल, त्यावरच पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस, त्यावरच मालगाड्या, म्हणजे एखादी गाडी रखडली की मागचं सगळं रखडतं. म्हणून हे काम होतंय याचा मनापासून आनंद आहे आणि ज्यांनी ज्यांनी पाठपुरावा केला त्या सगळ्यांचे आभार.

पत्र लिहितेय ते स्टेशनच्या भिंतीबाहेरच्या गोष्टीसाठी.

स्टेशन अजून व्हायचंय पण जाहिराती आधीच लागल्यात. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी एका बिल्डिंगच्या जाहिरातीत वाचलं की आगामी स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर. तेव्हा मी आणि माझी मुलगी एका रविवारी सकाळी त्या गेटपासून घड्याळ लावून चालत निघालो. गेटमधून बाहेर पडल्या पडल्या मोठा रस्ता, त्याला फुटपाथ नाही, कडेला दोन टँकर उभे, म्हणून टँकरच्या बाहेरून म्हणजे चालत्या गाड्यांच्या मधूनच जावं लागलं. मग रस्ता क्रॉस करायला थांबलो, एमआयडीसीचे ट्रक एकामागे एक, तिथेच चार मिनिटं गेली. पुढे कच्चा रस्ता, चाकोरीत गुडघ्याच्या खाली पाणी, कडेने बांधावरून गेलो तर तिथे गटाराचं काम अर्धवट आणि सळ्या वर आलेल्या. रूळांच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा चोवीस मिनिटं झाली होती. नकाशात बघितलं तर सरळ रेषेत ते अंतर अर्धा किलोमीटर पण भरत नाही. मुलगी म्हणाली आई, ऑफिसचे शूज घालून हे रोज कोण करणार, आणि खरंच आहे, रोज कोण करणार, माणूस रिक्षाच पकडणार नाहीतर बाईक घेणार.

माझं सगळं म्हणणं या चोवीस मिनिटांतच आहे. टीओडी (ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट) म्हणजे स्टेशनभोवती दाट वस्ती, म्हणजे लोकांना चालत स्टेशन गाठता येईल, गाडी लागणार नाही. केंद्राचं २०१७ चं टीओडी धोरण पण हेच सांगतं, स्टेशनपासून ५०० ते ८०० मीटर, दहा-बारा मिनिटांचं चालणं. पण आपल्याकडे त्यातला एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचा, भाग पटकन उचलला जातो आणि चालण्याचा भाग मागे राहतो. पुणे-नागपूरला मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात ४ पर्यंत एफएसआय मिळायची सोय झाली, उद्या आमच्या इथेही कुणीतरी स्टेशनवर परकार ठेवून गोल काढणार आणि गोलाच्या आतल्या सगळ्यांना वाढीव चटई क्षेत्र देणार. त्या गोलात रूळाच्या पलीकडची बिल्डिंग पण येते जिथून स्टेशनला यायला दीड किलोमीटरचा वळसा आहे, आणि नाल्याच्या पलीकडची पण येते जिथे साकवच नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही की गोल काढू नका, चालून मोजा. स्टेशनच्या दारापासून माणूस दहा मिनिटांत जिथपर्यंत खरोखर चालत पोचतो तिथपर्यंतच टीओडी, आणि ज्याला त्या हद्दीत यायचंय त्या जागेपर्यंत आधी पायवाट, पूल, लाईट होऊ दे, मग एफएसआय. म्हणजे बिल्डर आणि जमीनमालक स्वतः रस्त्यासाठी मागे लागतील, आम्हाला मोर्चे काढायला लागणार नाहीत.

आत्ताच्या नियमांत रस्ता जितका रुंद तितका एफएसआय जास्त, आणि रुंदी मोजतात ती गाड्यांच्या हिशोबाने. १८ मीटरचा रस्ता कागदावर होतो, त्यात दोन्ही बाजूला पार्किंग होतं आणि चालणारा परत मधोमध. निदान स्टेशनच्या ५०० मीटरमध्ये तरी रुंदीबरोबर फुटपाथची रुंदी पण अटीत घाला, झाडाच्या आणि विजेच्या डीपीच्या पलीकडे सलग तीन मीटर, छत्री उघडून दोन माणसं समोरासमोर जातील एवढा.

मुंबईतलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आताचं प्रभादेवी, विसरू नका. २९ सप्टेंबर २०१७, सकाळी दहा-साडेदहाची वेळ, पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबले, मागून गाड्या येतच होत्या आणि त्या अरुंद जिन्यावर २३ माणसं गेली. मी त्या दिवशी घाटकोपरलाच होते, ऑफिसमध्ये दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी फोन वाजत होता, तू पोचलीस ना म्हणून. तिथे काय झालं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, गिरण्यांच्या जमिनीवर काचेचे टॉवर आले, हजारो लोक रोज तिथे कामाला यायला लागले, पण उतरायचा पूल जुनाच राहिला. वर एफएसआय वाढला आणि खाली जिना तेवढाच. नंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल उभा केला, फेब्रुवारी २०१८ ला सुरू पण झाला, म्हणजे पूल बांधणं अवघड नव्हतं. चिखलोलीला आज जमीन मोकळी आहे, आज नकाशावर चार पूल काढायला पेन्सिल पुरते. दहा वर्षांनी बिल्डिंगी झाल्यावर पाडापाडी, कोर्ट, मोबदला, आणि तोपर्यंत त्याच जिन्यावरून आमची मुलं.

पुलांचं थोडं सविस्तर लिहिते कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन लाईनींच्या चार होणार, म्हणजे पूर्व आणि पश्चिम यांच्यातलं अंतर अजून वाढणार, कुंपण होणार, फाटकं तर रेल्वे बंदच करतेय. आपल्या लोकलच्या लाईनीवर सगळ्यात जास्त माणसं मरतात ती रूळ ओलांडताना, आणि ती काही हौसेने रूळात उतरत नाहीत, पलीकडे शाळा असते, दवाखाना असतो, दूध असतं आणि पूल एक किलोमीटर लांब असतो. म्हणून स्टेशनच्या दोन्ही टोकांना, कल्याणच्या बाजूला आणि कर्जतच्या बाजूला, असे पूल द्या जे तिकीट नसलेल्या माणसाला सुद्धा चोवीस तास वापरता येतील, ज्यांना लिफ्ट असेल आणि शिवाय उतार असेल कारण लिफ्ट बंद पडतात. सायकल ढकलत नेता आली पाहिजे, भाजीची हातगाडी नेता आली पाहिजे. भुयारी मार्ग नको, आमच्या इथे नको. २६ जुलै २००५ चा पूर बघितलेली माणसं आहोत आम्ही, आणि जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हजारावर लोकांना बोटीने बाहेर काढावं लागलं, ते काही फार लांब नाही इथून. जोराचा पाऊस आला की जिथे रूळच पाण्याखाली जातात तिथे जमिनीखालचा रस्ता पहिला भरणार. त्याच कारणासाठी परिसरातले नाले पाईपात घालून वर प्लॉट पाडू नका. नाल्याच्या दोन्ही कडेला जागा सोडा आणि त्याच कडेने चालायची वाट करा, पाण्याला पण जागा आणि माणसाला पण.

आता एक घरचं सांगते. माझ्या आईला सत्तरी ओलांडली तेव्हा तिला घेऊन मी एका लग्नाला चालले होते. लाईनीवरच्याच एका स्टेशनबाहेर, कुठलं ते महत्त्वाचं नाही, रेल्वेची हद्द संपते आणि रस्ता सुरू होतो तिथे गटारावरचा ढापा तुटलेला होता, वर प्लायवूडचा तुकडा ठेवलेला. आईचा पाय त्यात गेला, घोटा मोडला, तीन महिने पलंगावर होती आणि त्यानंतर ती लोकलने कधी आलीच नाही, कुठे जायचं म्हटलं की नको म्हणायची. मी तक्रार द्यायला गेले तर आत म्हणाले भिंतीबाहेरचं आमचं नाही, बाहेर म्हणाले ढापा रस्त्याच्या लेव्हलला नाही म्हणजे आमचा नाही. दोन हातांची जागा, आणि ती कुणाचीच नव्हती.

चिखलोलीला अशी जागा राहू देऊ नका. इथे तर रेल्वे, नगरपरिषद, एमआयडीसी, एमएमआरडीए सगळ्यांच्या हद्दी एकमेकींना चिकटलेल्या. प्लॅटफॉर्मच्या जिन्यापासून रिक्षा स्टँड आणि बस स्टॉपपर्यंतची जागा एकाच नकाशावर घ्या, एकाच ऑफिसकडे द्या, तिथे एक बोर्ड लावा की इथलं गटार, लाईट, फरशी याला जबाबदार कोण आणि फोन नंबर काय. एवढं केलंत तरी रोजच्या माणसाचा अर्धा त्रास कमी होईल.

जवळच बघायला नवी मुंबई आहे. मे १९९२ ला मानखुर्द-वाशी लाईन सुरू झाली, तिच्या खर्चातले ६७ टक्के नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने दिले होते, म्हणजे ज्याच्या ताब्यात जमीन त्यानेच रेल्वेला पैसे दिले आणि शहर आणि स्टेशन एकत्र आखलं. वाशी, नेरूळ, बेलापूरला उतरून बघा, बाहेर मोकळा चौक, बस आत येते, दोन्ही बाजूंना जाता येतं. सगळं चांगलंच आहे असं नाही, काही स्टेशनांवर वरचे गाळे वर्षानुवर्षं रिकामे बघितलेत आणि सीवूड्ससारखं स्टेशनवर मॉल झाला की खरेदी न करणाऱ्या माणसाला थेट बाहेर जायची वाट शोधावी लागू नये याची काळजी घ्यावी लागते. पण स्टेशनबाहेरची जागा आधी राखून ठेवली की काय होतं ते तिथे दिसतं. आणि नंतर करायला गेलं की काय होतं ते ठाण्याला दिसतं. १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे आली त्या स्टेशनबाहेर इतकी दाटी झाली की शेवटी सॅटिस करून बसगाड्या वर डेकवर न्याव्या लागल्या. त्याचा उपयोग झाला, होतोय, पण तो खर्च जागा उरली नाही म्हणून करावा लागला. आमच्या इथे जागा आहे अजून.

त्या जागेत पहिला मान बसला द्या. आज आमचं सगळं शेअर रिक्षावर, संध्याकाळी गाडी रिकामी झाली की रिक्षाच्या लाईनीत वीस-पंचवीस मिनिटं, पावसात तर विचारूच नका, आणि चौथी सीट ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी बाहेर. रिक्षावाल्यांशी माझं भांडण नाही, रात्री उशिरा तेच घरी सोडतात. पण बसला उभं राहायला जागाच ठेवली नाही तर उद्या बस आली तरी ती स्टेशनपासून अर्ध्या किलोमीटरवर थांबेल आणि मग कुणी बसणार नाही. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचा प्रस्ताव पण आहे, ती जेव्हा केव्हा होईल तेव्हा लोकलमधून मेट्रोत जायला परत रस्त्यावर उतरावं लागू नये, तिच्या खांबांची आणि जिन्यांची जागा आत्ताच आखून ठेवा.

फेरीवाल्यांचं पण बोलायला हवं. हायकोर्टाने २०१७ ला स्टेशनपासून १५० मीटरपर्यंत फेरीवाले नकोत असं सांगितलं आणि ते का सांगितलं ते एल्फिन्स्टननंतर वेगळं सांगायला नको. पण साडेआठला उतरणाऱ्या बाईला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय, ती भाजी कुठून घेणार. मी ज्यांच्याकडून मेथी आणि कांद्याची पात घेते त्या मावशी गाडी दिसली की जुड्या मोकळ्या करून ठेवतात, निवडलेली गवार पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरून ठेवतात, सोललेला लसूण वेगळा, कारण त्यांना माहितीये आमच्याकडे किती वेळ असतो. २०१४ च्या कायद्यात त्यांच्यासाठी जागा ठरवायची सोय आहे, नगर पथविक्रेता समिती आहे. तर १५० मीटर संपतात तिथेच, स्टेशनहून घरी जाण्याच्या वाटेवर, ओटे बांधा, वर पत्रा, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी संडास. लांब कुठे मंडई बांधली तर गाळे बंद राहतील आणि मावशी परत जिन्याखाली येतील.

पार्किंगचं थोडक्यात सांगते. स्टेशनजवळच्या बिल्डिंगला घरागणिक गाडीची जागा सक्तीची करू नका. ज्याला गाडी नाही त्याच्याकडून पण त्या जागेचे पैसे घराच्या किमतीत वसूल होतात आणि दोन-तीन मजले पार्किंगचे झाले की रस्त्याच्या लेव्हलला भिंतच भिंत, रात्री नऊनंतर त्या बाजूने चालायला भीती वाटते. खाली दुकानं असू देत, किराणा, पोळीभाजी केंद्र, झेरॉक्स, पाळणाघर, लाईट चालू असतात, माणसं दिसतात, आम्हा बायकांना त्याचा फार आधार असतो.

आणि तिथे राहणार कोण हे पण आधी ठरवा. स्टेशन आलं की भाडं वाढणार, मग ज्यांना लोकलशिवाय पर्यायच नाही, हॉस्पिटलात आया आहेत, सिक्युरिटीत आहेत, घरकाम करतात, ते अजून आत फेकले जाणार आणि स्टेशनच्या दारात राहणार ती गाडीवाली माणसं. वाढीव एफएसआय देताना त्यातला ठरलेला हिस्सा लहान घरांचा आणि भाड्याच्या घरांचा ठेवा, प्रीमियम भरून सुटायची सोय ठेवू नका. गावठाणं आणि तिथल्या चाळी पण नकाशात अडथळा म्हणून रंगवू नका, आज कमी भाड्यात राहायची सोय तिथेच आहे. ज्या गावच्या शेतावरून हे सगळं होणार त्या गावातल्या माणसाला स्टेशनपर्यंत सरळ वाट मिळालीच पाहिजे.

अजून एक राहिलं. सगळी चर्चा आम्ही मुंबईला कसं जाणार याचीच होते. पण चिखलोलीच्या आजूबाजूला एमआयडीसी आहे, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, सकाळी कल्याण-उल्हासनगरकडून आणि तिकडे कर्जत-नेरळकडून माणसं इकडे कामाला येतात. सकाळी आमची अप गाडी दारात लटकून जाते आणि समोरून येणाऱ्या डाऊनला बसायला मिळतं. स्टेशनजवळ नुसती घरं न करता ऑफिसं, बँका, सरकारी कचेऱ्या, कॉलेज, चांगला दवाखाना आणले तर तीच रिकामी डाऊन भरेल आणि आमच्यातल्या काहींना घाटकोपरला जावंच लागणार नाही. शिफ्ट सुटते तेव्हा फॅक्टरीच्या गेटपासून स्टेशनपर्यंत लाईट असलेला फुटपाथ हे पण टीओडीच आहे.

शेवटचं, हरकती-सूचनांचं. आराखड्यात बदल करायचा असला की सूचना पेपरात येते, गॅझेटमध्ये येते, हरकतीला महिनाभर मिळतो, आणि नकाशा बघायचा तर कचेरीच्या वेळेत जायचं. कचेरी उघडते तेव्हा आम्ही मुलुंडच्या पुढे असतो आणि बंद होते तेव्हा ऑफिसात. ज्यांच्यासाठी स्टेशन त्यांनाच नकाशा बघता येत नाही. अंबरनाथ आणि बदलापूर स्टेशनच्या पुलावर तो नकाशा मोठा करून मराठीत लावा, गट नंबरांबरोबर ओळखीच्या खुणा टाका, देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, म्हणजे माणसाला आपलं घर सापडेल. सुनावणी रविवारी ठेवा, नाहीतर रात्री नऊला ठेवा, आम्ही येऊ.

आमच्या सोसायटीतल्या आणि गाडीतल्या ग्रुपमधल्या सहा-सात जणी पुढच्या महिन्यातल्या दोन रविवारी टेप, खडू आणि घड्याळ घेऊन नियोजित स्टेशनच्या जागेपर्यंतच्या सगळ्या वाटा दोन्ही बाजूंनी चालून मोजणार आहोत. एकीबरोबर सासूबाई असतील, काठी घेऊन चालतात त्या, आणि एकीचं बाळ बाबागाडीत. कुठे किती मिनिटं लागली, कुठे ढापा तुटलाय, कुठे लाईट नाही, कुठे नाल्यावर साकव हवा, हे सगळं कागदावर काढून तुम्हा प्रत्येकाच्या आवक-जावकला देऊ आणि पोच घेऊ. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी बरोबर चाललात तर फार बरं होईल, सकाळी आठला निघतोय, ऊन व्हायच्या आत.

कळावे,
आपली,
कल्याणच्या पुढची एक पासधारक